गुणाजी कंपाउंडरचं ‘जेवल्यावर’

गुणाजी पेडणेकर दवाखान्यातल्या खऱ्या गोळ्या बाहेर खपवतो आणि घरी गरोदर बायकोला खडूच्या गोळ्या चारतो, अशी बातमी चोपन्न सालच्या उन्हाळ्यात आमच्या मुलुंडच्या चाळीत फिरत होती. ती साफ खोटी होती. खात्रीनं सांगते, कारण ती मीच उठवली होती.

पण माझं तरी काय चुकलं? वनमालेला तिसरा महिना. उजाडलं की तिच्या ओकाऱ्या सुरू. चहाचा वास नको, फोडणीचा नको, नवऱ्याच्या सदऱ्याला येणारा दवाखान्याचा तर मुळीच नको. घरात कंपाउंडर, फळीवर औषध, आणि बाई वाळून काडी! मग शेजाऱ्यांनी तर्क करायचा नाही तर काय करायचं?

गुणाजी तसा सरळ माणूस. आधी गिरणीत होता, मग डॉक्टर टिपणिसांकडे लागला. दहा वर्षं खिडकीतून औषधं देत होता. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी अशी सुबक कातरून चिकटवायचा, की औषध संपल्यावरही बाटली टाकवू नये. आणि प्रत्येक बाटलीबरोबर एकच वाक्य, “जेवल्यावर हां!” खोकला असो, खरूज असो, जेवल्यावर. मला कानात घालायचे थेंब दिले तेव्हाही तेच. मी विचारलं, “कान जेवल्यावर, की मी?” तर हा पुढच्या पेशंटला पुडी बांधत होता.

त्या शनिवारी डॉक्टरांनी वनमालेला काट्यावर उभं केलं. नऊ पौंड उतरलेली. “आठ दिवस झाले नव्या गोळ्या देऊन, काहीच कसा फरक नाही?” ते म्हणाले. “गुरुवारपर्यंत पोटात काही टिकलं नाही, तर इस्पितळात ठेवून सलाइन लावावं लागेल.” गुणाजी घरी आला तो जिन्याच्या पायरीवरच बसला. आदल्या वर्षी एकदा दिवस जाऊन राहिलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही. माझ्या हिशेबी हे फार झालं.

सोमवारी दुपारी वनमालेसाठी लाह्यांचं पाणी घेऊन गेले. फळीवर गोळ्यांची बाटली. बुचापर्यंत भरलेली!

“अगं, ही नवी आणली का?”

“नाय काकू, तीच ती.”

“मग घेत नाहीस होय?”

“ह्यांनी सांगितलंय, जेवल्यावर. जेवाण पोटात रवात तेव्हा घेईन मां!” एवढं बोलून तिनं तोंडाला पदर लावला आणि मोरीकडे धावली.

मी तशीच चपला सरकवून दवाखाना गाठला. बाक भरलेला. खिडकीत गुणाजी एका तान्ह्या पोराच्या आईला बाळाच्या पोटदुखीचं औषध देत होता. “जेवल्यावर हां.”

“अरे गुणाजी,” मी म्हटलं, “तुझी बायको दहा दिवस तुझी आज्ञा पाळतेय रे! पोटात अन्न राहत नाही, म्हणून एकही गोळी घेतली नाही तिनं.”

आतून डॉक्टर बाहेर आले. “चिठ्ठीत मी काय लिहिलं होतं? रात्री झोपताना! म्हणजे उठेपर्यंत गुण येतो. तू काय सांगितलंस?”

“सवयीनं निघालं, डॉक्टर,” गुणाजी पुटपुटला. बाकावरचे म्हातारे दशरथमामा खिशातली डबी काढून उठले. “मग माझं हे डोळ्यातलं मलम रे?”

त्या रात्रीपासून गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. बुधवारी वनमालेच्या पोटात वाटीभर पेज टिकली. ओकाऱ्या थांबल्या नाहीत, पण दिवसाला पाचांवरून एकीवर आल्या. गुरुवारी काट्यानं पाव पौंड चढ दाखवला आणि डॉक्टरांनी इस्पितळासाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी फाडून टाकली. गुणाजीनं चाळभर पेढे वाटले, खडूच्या गोळ्यांची बातमी मीच उठवली हे कळूनसुद्धा मला दोन दिले.

पेढा तोंडात असतानाच मी त्याला छेडलं, “कंपाउंडर म्हणे! एका खोलीत राहतोस, दहा दिवस भरलेली बाटली डोळ्यांसमोर होती, दिसली नाही रे तुला?”

गुणाजी म्हणाला, “काकू, दिवाळीत दिलेलं खोकल्याचं औषध तुम्ही मोरीत ओतलंत आणि त्या बाटलीत खोबरेल भरलंत. ते मला दिसलं होतं. मी बोललो कुणाला?”