मागे यंत्राचा आवाज येतो

जोसेफभाऊंचा फोन आला तेव्हा मी निर्मळच्या आमच्या वाडीत मोगऱ्याला पाणी सोडत होते. जोसेफभाऊ कधी स्वतःहून फोन करत नसत. फोन करायची ती त्यांची बायको, रेजिना, आणि तोही गप्पा मारायला नव्हे, बजावायला... "शैला, उद्या सकाळी ये, आणि बांगड्या काढून ये." मायक्रोफोनपुढे बांगड्या वाजतात म्हणून. त्यामुळे मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच मी हातातला पाइप खाली टाकला. "शैलाबाई, रेजिना गेली," एवढंच ते म्हणाले. मी पंप बंद केला, तशाच चिखलाच्या पायांनी स्कूटर काढली आणि सांडोरला त्यांच्या घरी गेले.

आम्ही दोघी वसईतल्या एकाच शाळेत शिकवायचो. ती मराठी, मी विज्ञान. तिच्या घरची बोली मला धड कळत नसे आणि आमच्या घरची तिला, त्यामुळे आम्ही आयुष्यभर एकमेकींशी पुस्तकातल्या मराठीत बोललो आणि भांडलोही त्याच मराठीत. तिच्या वर्गात मुलं चुकीचा 'ळ' काढायला घाबरायची. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका काशीला किंवा वेलंकनीला जाऊन येतात, ही मुंबईतल्या एका संस्थेत गेली आणि अंध विद्यार्थ्यांसाठी कॉलेजची पुस्तकं वाचून देण्याचं काम अंगावर घेऊन आली. मोबदला काही नाही. मी म्हटलं, "अगं, जरा आराम कर की." तर म्हणाली, "आराम करून मी भांडखोर होते, जोसेफला विचार." जोसेफभाऊ तेव्हा ओट्यावर केळीचे घड पुसत होते. त्यांनी मान वरही केली नाही, नुसते हसले.

घराच्या मागच्या बाजूला, केळीच्या बागेकडे तोंड करून एक खोली होती. तिथे तिने स्टुडिओ मांडला. स्टुडिओ म्हणजे काय, भिंतींवर सासूच्या हातच्या गोधड्या, खिडकीला गादी, टेबलावर मायक्रोफोन, लॅपटॉप आणि तळहाताएवढी एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. आवाजाच्या फायली मोठ्या होतात, लॅपटॉपमध्ये मावत नाहीत, म्हणून ती डिस्क. वाचन सुरू झालं की घरातला फ्रिज बंद, पंखा बंद, भिंतीवरचं घड्याळ बाहेरच्या खोलीत. जोसेफभाऊंनी चहाचा कप बशीत ठेवला तरी आतून हाक यायची. त्यांनी शेवटी बशीच सोडली, कपानेच प्यायला लागले.

इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक तिच्या वाट्याला आलं होतं, त्या मुलांची परीक्षा त्यावर होती. पहिले धडे पाठवले आणि ते परत आले. तपासणारा दीपक नावाचा एक तरुण होता, स्वतः अंध. प्रत्येक फाइल कानात घालून शेवटपर्यंत ऐकायचा. त्याचा शेरा होता, "वाचन उत्तम. मागे यंत्राचा आवाज येतो. पुन्हा करावे." रेजिनाला आयुष्यात कुणी 'पुन्हा करावे' म्हटलं नव्हतं, ते ती इतरांना म्हणायची. दोन दिवस ती फुगून होती. मग तिने हेडफोन लावून स्वतः ऐकलं, मलाही ऐकवलं. होतं काहीतरी. वाक्य संपलं की पुढचं सुरू होण्याआधी, अगदी बारीक, वाळक्या केळीच्या पानाची चुरचुर असावी तसं. मी विज्ञानाची. मी लगेच डिस्कला कान लावला. आत तबकडी फिरत होती आणि तिच्यावरचा काटा मधूनमधून कुरकुरत होता. चोर सापडला असं आम्हाला वाटलं.

मग गणपतीपासून नाताळापर्यंत आम्ही त्या डिस्कच्या मागे लागलो. आधी लांब केबल आणून ती टेबलाखाली टॉवेलवर ठेवली. मग दाराबाहेर. मग रेजिनाने ती पोह्यांच्या डब्यात घालून झाकण लावलं, तर तासाभरात डबा इतका तापला की जोसेफभाऊ म्हणाले, "आता त्यात पोहे टाका, भाजून निघतील." मी वाचलं होतं की नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपवर, त्यामुळे आवाज नाही. तीच घ्यायची ठरलं. स्कूटरवर तिला मागे बसवून मी एव्हरशाईन सिटीतल्या एका दुकानात गेले. पुलाच्या चढावर ती खोकली. खडूची धूळ, ती म्हणाली. शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती, पण शिक्षकांच्या खोकल्याचं खापर आपण खडूवरच फोडतो.

दुकानदार चाळिशीचा, बोलका माणूस. "आंटी, हा सगळ्यात फास्ट आहे. पूरा पिक्चर दोन सेकंदात जातो." रेजिनाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मला आंटी नको आणि फास्टही नको. मला गप्प बसणारी वस्तू दाखवा." त्याने जी सगळ्यात महागडी काढली तिला आत छोटा पंखा होता, कारण वेगवान ड्राइव्ह तापतो. ती बाजूला सारली. दुसऱ्याला पंखा नव्हता, पण जोडल्यावर बारीक शिट्टीसारखा सूर येत होता. तो विजेचा, केबलचा की त्या चिपचा, ते त्यालाही सांगता येईना. रेजिना एकेक ड्राइव्ह उचलून कानाला लावायची आणि डोळे मिटायची. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं मोबाइल सोडून बघत उभी. शेवटी एक साधा, जाड ॲल्युमिनिअमच्या कवचाचा, पंखा नसलेला, मध्यम वेगाचा ड्राइव्ह तिने पसंत केला. वाचनाच्या आवाजाला वेग लागतोच किती... दुकानदार प्रामाणिक होता. पिशवी देताना म्हणाला, "मॅडम, एक ध्यानात ठेवा. जुनी डिस्क जायच्या आधी आवाज करते, आपल्याला समजतं. ही न सांगता जाते. बॅकअप ठेवा." म्हणून आम्ही तसलाच आणखी एक घेतला.

घरी आल्यावर जुनी डिस्क कपाटात गेली. नवा ड्राइव्ह जोडला, तिने एक परिच्छेद वाचला, आम्ही ऐकला. चुरचुर तशीच. मग आम्ही मच्छर मारायचं यंत्र काढलं, दिवा बदलला, शेजारच्या विहिरीवरच्या पंपाची चौकशी केली. दीपकचा शेरा प्रत्येक वेळी तोच यायचा, नम्रपणे, "मागे यंत्राचा आवाज येतो." एकदा तर त्याने "कदाचित" असा शब्द आधी घातला होता, "कदाचित यंत्राचा." तेव्हा त्याचं आम्हाला काही वाटलं नाही. नाताळानंतर एका सकाळी मीच म्हटलं, प्रयोग नीट करू. खोली रिकामी ठेवून रेकॉर्ड करू. आम्ही दोघी बाहेर केळीत जाऊन उभ्या राहिलो, आत लाल दिवा चालू. ऐकलं, तर काहीच नाही, इतकी शांतता की मला माझेच कान वाजल्यासारखे वाटले. मग मी एकटी आत बसले, गप्प. काही नाही. मग ती बसली, तीही गप्प. आणि हेडफोनमध्ये ती चुरचुर आली, श्वासागणिक, अगदी नियमित. रेजिनाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "शैला, ती डिस्क बिचारी काहीच बोलत नव्हती गं," ती म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता खोकली.

फुप्फुसं कडक होत जाण्याचा तो आजार. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि लगेचच त्यांचा चेहरा बदलला. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. जोसेफभाऊंनी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, औषधाने आजाराचा वेग थोडा आवरता आला असता. किती, ते कुणालाच सांगता येणार नाही. ते "थोडा" जोसेफभाऊंनी घरी येईपर्यंत रिक्षात कितीदा तरी म्हटलं, मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. थोडा म्हणजे एक नाताळ? एक मोगऱ्याचा मोसम? मी त्यांच्या शेजारी बसून रस्त्याकडे बघत होते.

रेजिना वाचायची थांबली नाही. उन्हाळ्यात घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं, आणि ते जुन्या डिस्कच्या शंभर पट आवाज करायचं. पुन्हा तोच खटाटोप... लांब नळी आणून यंत्र स्वयंपाकघरात ठेवलं, तरी घरघर यायचीच. मग ती वाचताना यंत्र बंद करायला लावायची. जोसेफभाऊ बटणापाशी उभे राहायचे. "एक परिच्छेद. मग मी चालू करणार." ती मान डोलवायची आणि दोन वाचायची. एकदा त्यांनी मध्येच चालू केलं तर ती संतापली, "वाक्य अर्धं आहे, जोसेफ." ते म्हणाले, "असू दे अर्धं." तो माणूस इतक्या वर्षांत तिला उलटून बोललेला मी तेव्हाच ऐकला. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांचंही पटत होतं. पुस्तक पुरं झालं नाही. शेवटचे दोन धडे संस्थेने दुसऱ्या कुणाकडून करून घेतले.

तिला जाऊन महिना झाला तेव्हा तिच्या नावाने प्रार्थनेची मिस्सा होती. चर्चमधून सगळे घरी आले, आणि त्यांच्यात पांढरी काठी घेतलेला एक तरुण होता. दीपक. मुंबईहून एकटा आला होता. चहा झाल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, बाई वाचायच्या ती खोली बघता येईल?" मी त्याला नेलं. त्याने गोधड्यांवरून हात फिरवला, टेबल चाचपलं, ड्राइव्ह अजून लॅपटॉपला जोडलेलाच होता, त्यावर बोटं ठेवली. मग खुर्चीत न बसता उभ्याउभ्याच म्हणाला, "मला पहिल्याच धड्याला कळलं होतं. माझे वडील शेवटी शेवटी तसाच श्वास घ्यायचे." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या बाई, आमच्यासाठी फुकट वाचतात... त्यांना, तुमच्या छातीतून आवाज येतो, असं कसं लिहायचं, मॅडम? म्हणून यंत्र लिहिलं. वाटलं, यंत्र बदलून बघतील, मग त्यांचं त्यांना समजेल. फोन करायचं खूपदा ठरवलं. नंबर लावायचो आणि कट करायचो."

मला त्याला दोन थोबाडीत ठेवून द्याव्याशा वाटल्या. दृष्टी नाही म्हणून हात आवरला असं नाही. तिच्या खोलीत होतो म्हणून आवरला. गणपती ते नाताळ. ते सगळे महिने मला एकदम दिसले, पोह्यांचा डबा, ते दुकान, पुलाच्या चढावरचा खोकला. आपली माणसं कशी आहेत बघा. जाड झालीस, काळवंडलीस, मुलीचं अजून जमलं नाही का, हे आपण भर मांडवात विचारतो. आणि जे सांगायलाच हवं तिथे एकदम आदर आडवा येतो. मी त्याला हे सगळं बोलले, कडक बोलले. तो ऐकत उभा राहिला. त्याने एकदाही "पण" म्हटलं नाही, आणि त्यामुळे माझा राग निवायच्या ऐवजी वाढला, कारण तो चांगला मुलगा होता.

मग तो म्हणाला, "मी परत पाठवलेले धडे संस्थेत तसेच आहेत, मॅडम. त्यातला मागचा आवाज काढून टाकता येतो, सॉफ्टवेअरने. काढू का? मग पास करता येतील." मी म्हटलं, "काढू नका. आहेत तसे पास करा. आणि शेरा बदला." "काय लिहू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "जे आहे ते लिहा. वाचणाऱ्या बाईंचा श्वास." त्याने खिशातून मोबाइल काढला, तोंडाजवळ धरून ते तीन शब्द हळू आवाजात सांगितले आणि मोबाइलने वाचून दाखवल्यावर पुन्हा एकदा ऐकून घेतले. दारात जोसेफभाऊ उभे होते. त्यांनी किती ऐकलं मला माहीत नाही. मीही विचारलं नाही... म्हणजे बघा, मीसुद्धा त्यातलीच.

ते न विचारणं मात्र मला खुपत राहिलं. गेल्या आठवड्यात निर्मळला एका साखरपुड्यात माझे चुलत दीर माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. मंडपाच्या दोन पायऱ्या चढले होते फक्त. बँड थांबला आणि मला ती चुरचुर ऐकू आली, हेडफोनशिवाय. मी चार माणसांत सांगितलं, "भावोजी, तुमच्या श्वासाला आवाज येतोय. उद्याच्या उद्या छातीच्या डॉक्टरला दाखवा." जाऊबाईंचा चेहरा पडला. भावोजी म्हणाले, "वहिनी, आम्ही इथे शुभकार्याला आलोय," आणि उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. जेवायलाही आमच्या टेबलावर आले नाहीत. तेव्हापासून मी रोज सकाळी त्यांना फोन लावते, दवाखान्यात गेलात का, एवढंच विचारायला. ते उचलत नाहीत. उद्याही लावणार आहे.