देशमुख सरांची कंबर

देशमुख सरांनी गादीचं एक टोक धरलं आणि ती खाटेवरून खाली ओढली.

रत्नागिरीतलं जुनं लॉज. भर दुपार. आम्ही नुकतेच खोलीत आलो होतो. दोन लोखंडी खाटा एकमेकींना चिकटवून लॉजवाल्यानं त्यांना 'डबल बेड' हा किताब दिला होता. मी माझी पिशवी डावीकडच्या खाटेवर ठेवली. अजून टेकलोही नव्हतो. सरांनी उजवीकडची गादी ओढत दाराजवळच्या कोपऱ्यात नेली, तिच्यावर उशी फेकली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले,

"कंबर. लई जुनं दुखणं हाय. डॉक्टरनं सांगितलंय, खालीच झोपायचं."

मी म्हणालो, "अरेरे."

अगदी मनापासून म्हणालो.

आम्ही चौघे शिक्षक औरंगाबादहून आलो होतो. शाळा वेगवेगळ्या. सरकारी प्रशिक्षण होतं आणि ते समुद्राकाठी का ठेवलं होतं ते सरकारलाच ठाऊक. कुलकर्णी सर आमच्या गटाचे प्रमुख. गोड बोलणारे, सगळ्यांची नावं पाठ असणारे. शिंदे सर वयानं सगळ्यांत लहान, तोंडाचा पट्टा चालू. देशमुख सर पिशोरकडचे, निवृत्तीला टेकलेले. मी गंगापूरकडचा, शहागंजच्या मागं भाड्याच्या खोलीत राहणारा, मुलांना इतिहास शिकवणारा.

एस.टी.त देशमुख सरांची आणि माझी जागा शेजारी होती. वाटभर ते त्यांच्या आजोबांविषयी बोलत होते. निजामाच्या काळात तालुकदार, म्हणजे तेव्हाचा कलेक्टर, दौऱ्यावर आला की आजोबांसाठी खास खुर्ची मांडली जायची. पोलिस ॲक्शन झालं, निजाम गेला. "आपलं राज्य आलं बघा," सर म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात, "अन् आपलं सगळं गेलं." मी इतिहासाचा माणूस. इतक्या थोडक्यात मराठवाड्याचा इतिहास मला कुणी सांगितला नव्हता. खुर्ची मात्र घरात अजून आहे म्हणाले. तिच्यावर कुणी बसत नाही. पाय मोडलाय.

त्यांनी डब्यातली दशमी काढून माझ्या हातावर ठेवली. रात्री झोप लागली तेव्हा त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हललो नाही. मोठा माणूस, जाग यायला नको. माझा खांदा बधिर झाला. त्यांची कंबर तेव्हा ठणठणीत होती.

मग आम्ही लॉजवर पोचलो. जिना चढताना सरांनी विचारलं, "गंगापूर तालुक्यात गाव कोणतं म्हणलात?"

मी गाव सांगितलं.

"हां हां. आमची सोयरीक हाय तिथं. घर कोणत्या अंगाला तुमचं? मारुतीच्या का वेशीच्या?"

माझं आडनाव गावावरून पडलेलं. शेवटी 'कर' लागलं की माणूस कुणीही असू शकतो. म्हणून आमच्याकडं जात विचारायची नसली की घराची दिशा विचारतात.

मी म्हणालो, "ओढ्याच्या पलीकडं."

ओढ्याच्या पलीकडं एकच वस्ती असते. आमच्या गावात ती आता बौद्धवाडा. नाव बदललं, ओढा तिथंच.

सर दोन पायऱ्या पुढं झाले. मग खोली आली. मग कंबर.

मी हे असं सलग आता सांगतोय. तेव्हा मला जोडता आलं नाही. पुस्तकं वाचलेली होती, वर्गात हक्कांवर बोलायचो. तरी जोडता आलं नाही, कारण मध्ये दुसरंच काही उभं राहिलं होतं. मला अपराधी वाटत होतं.

वडीलधारा माणूस जमिनीवर, आणि मी खाटेवर.

लहानपणी आमच्या घरासमोर एक बाज असायची. काथ्याची, मधोमध झोळ आलेली. गावातलं मोठं कुणी ओढा ओलांडून आलं की बाजेवरचं माणूस आधी खाली उतरायचं, मग राम राम. म्हातारं असो, तापानं फणफणलेलं असो. आई मला दंडाला धरून उतरवायची. मी एकदा विचारलं, का. ती म्हणाली, "उतरलं की बरं दिसतं." एवढंच. का, ते तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. ते अंगात होतं. तहान लागते तसं.

ते माझ्याही अंगात होतं. पदवी घेतली, नोकरी लागली, शहरात आलो, ते गेलं नव्हतं. मी खाटेवर बसलो आणि मला काटे टोचल्यासारखं झालं.

म्हणून मी सेवा सुरू केली. सकाळी लॉजचा माणूस खाली चुलवणावर पाणी तापवायचा, बादली आपण वर न्यायची. मी सरांची बादली आधी नेली. बाजारात जाऊन मलम आणलं. माझी उशी त्यांना दिली. ते म्हणायचे, "राहू द्या हो, कशाला," आणि घ्यायचे. उशीवर स्वतःचा टॉवेल अंथरून घ्यायचे. तेही मी पाहिलं. समुद्राच्या हवेनं उशा ओलसर होतात, असं स्वतःला समजावलं. माझ्यासारखा वाचणारा माणूस स्वतःला काहीही समजावू शकतो. त्यासाठीच तर वाचतो, असं कधी कधी वाटतं.

लॉजच्या नावात समुद्र होता. खिडकीतून बर्फाच्या कारखान्याची भिंत दिसायची. गजांना गंज, फरशीला ओल. सकाळी पाऊल ठेवलं की ओलं उमटायचं. त्या फरशीवर एक म्हातारा माझ्यामुळं झोपतोय, हे माझ्या डोक्यातून जाईना.

शेवटी मी माझीही गादी खाली घेतली. दुपारी जेवून आलो आणि ओढली. दुसऱ्या भिंतीला लावली. आता दोघं सारखे. मला हलकं वाटलं. तोंड धुवायला बाहेर गेलो.

परत आलो तर सरांची गादी वर.

खाटेवर. आणि सर तिच्यावर. पाय लांब सोडून, एक हात माझ्या रिकाम्या खाटेवर पसरलेला. तोंडात सुपारी.

मी म्हणालो, "सर, कंबर?"

"बरं वाटाया लागलं आता," ते म्हणाले. "तुमच्या मलमाला गुण हाय."

आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो. त्या क्षणी मला राग आला नाही. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. मोठा माणूस वर, मी खाली. सगळं जागेवर. मी माझ्या गादीवर बसलो आणि निवांत श्वास सोडला.

त्या श्वासाचीच मला भीती वाटली.

हा श्वास माझा नव्हता. तो कुणीतरी माझ्या आत भरून ठेवलेला होता, पिढ्यान् पिढ्या, आणि योग्य जागी बसलो की आपोआप सुटत होता. मी वर बघितलं. खाटेखालच्या लोखंडी पट्ट्या दिसल्या. सरांच्या वजनानं वाकलेल्या. ते जमिनीवर होते तेव्हाही माझ्या वरच होते. आणि ते तिथं राहावेत म्हणून मी त्यांच्या अंघोळीचं पाणी वाहत होतो.

मी उठलो. माझी गादी उचलली आणि माझ्या खाटेवर टाकली. चादर नीट केली. बसलो.

सरांनी सुपारी चघळायची थांबवली. छताकडं बघितलं. मग हळूच उठून बसले.

"अगं आई गं," ते म्हणाले. "भरली का काय परत."

आणि गादी खाली ओढली.

आता ते उघड होतं. खोलीत आम्ही दोघंच आणि दोघांनाही ठाऊक.

संध्याकाळी कुलकर्णी सरांनी मला चहाला बोलावलं. नाक्यावरच्या टपरीवर. शिंदे सरही होते. कुलकर्णी सरांनी माझ्या चहाचे पैसे आधीच दिले होते, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

"तुम्ही समजूतदार आहात म्हणून बोलतो," ते म्हणाले. "वर गच्चीला लागून एक छोटी खोली रिकामी आहे. मी मॅनेजरशी बोललोय. एकट्याची. समुद्र दिसतो म्हणे तिथून."

"बरं."

"तुम्ही वाचणारे. तुम्हाला एकांत हवाच असणार. तर तुम्हीच आपण होऊन म्हणा, की मला वरची द्या. म्हणजे कुणालाच वाईट वाटायचं नाही."

"आणि देशमुख सरांना काय वाटतं?"

"अहो, ते काय बोलणार? जुनं माणूस. मनात काही नसतं त्यांच्या. वळण असतं एकेक."

शिंदे सर मध्ये पडले. "त्यापेक्षा मी येतो ना ह्यांच्या खोलीत. कुलकर्णी सर, देशमुख सरांना तुम्ही घ्या तुमच्याकडं. घोरण्याची जुगलबंदी होऊन जाऊ द्या. मिटलं!"

शिंदे चांगला माणूस होता. त्याला खरंच मिटवायचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही समुद्र बघायचा होता. मी तोवर तो धड बघितला नव्हता. खिडकी, एकांत, कुणाची गादी नाही, कुणाची कंबर नाही. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य माझ्या आईला येत होतं, आजोबाला येत होतं. आपण होऊन. कुणी काढत नाही आपल्याला. आपण निघतो. त्यांचे हात स्वच्छ राहतात आणि वर आपण समजूतदार ठरतो.

मी म्हणालो, "सर, मी म्हणणार नाही."

"म्हणजे?"

"मला खोली बदलायची नाही. देशमुख सरांना बदलायची असेल तर त्यांनी म्हणावं. का बदलायची, तेही म्हणावं. सगळ्यांसमोर."

कुलकर्णी सर हसले. "असं कुणी तोंडानं म्हणतं का?"

"मग राहू द्या."

"तुम्ही उगाच ताणताय."

"मी खाटेवर झोपलोय, सर. एवढंच केलंय."

शिंदे सरांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

रात्री जेवून खोलीत आलो तर देशमुख सरांपर्यंत बोलणं पोचलं होतं. ते गादीवर ताठ बसले होते.

"मी तुम्हाला काई बोललो का?" त्यांनी विचारलं. "एक वाकडा शब्द तरी गेला का माझ्या तोंडातून?"

"नाही गेला."

"मग?"

"तो शब्द मी बोलावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. मी तो बोलणार नाही. खाट मोकळी आहे. वर या."

ते आले नाहीत.

आणि मग, प्रशिक्षण संपायच्या आत, ओलीनं आपलं काम केलं. एका सकाळी सरांना उठताच येईना. आधी एका कुशीवर, मग गुडघ्यावर, मग भिंत धरून. कंबर खरंच धरली होती. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी हात पुढं केला. त्यांनी भिंतच धरली.

ते दिवस फार वाईट गेले. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये ते वाकून चालत यायचे आणि सगळ्यांची नजर त्यांच्यावरून माझ्यावर. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या लोकांनाही कळलं होतं. एक बाई मला म्हणाल्या, "वयाचा तरी मान ठेवायचा होता." मी त्यांना सांगू शकलो असतो की खोलीत देशमुख सरांची एक अख्खी खाट रिकामी आहे. पण मी वही उघडून बसलो. मला अपराधीच वाटत होतं. भयंकर वाटत होतं. खोलीत आलो की त्यांच्या कण्हण्याचा आवाज, आणि माझं सगळं अंग म्हणायचं, उतर. गादी खाली घे. तू उतरलास की ते वर जातील. तुझ्या हातात आहे. एका म्हाताऱ्याची कंबर तुझ्या हातात आहे.

मी रोज एकच वाक्य म्हणालो. "सर, खाट मोकळी आहे."

ते भिंतीकडं तोंड करून पडायचे.

मी उतरलो नाही.

परतीच्या एस.टी.त कुलकर्णी सरांनी जागा नव्यानं लावल्या. मी शिंदे सरांजवळ. देशमुख सर पुढं, डॉक्टरकडून आणलेला पट्टा बांधून. औरंगाबादला उतरताना त्यांनी इतर दोघांना नमस्कार केला. मला नाही.

मला वाटलं होतं, नकार दिला की मन मोकळं होतं. पुस्तकांत तसं असतं. माझं झालं नाही. त्या म्हाताऱ्याची वाकलेली पाठ आठवली की आजही अपराधी वाटतं. मी बरोबर होतो हे मला कळतं, आणि तरी वाटतं. मी पुष्कळ दिवस वाट बघितली की हे थांबेल. आता बघत नाही. ज्यांनी कुणी हे अपराधीपण माझ्या अंगात घातलं त्यांनी पक्कं काम केलंय. ते माझ्याबरोबरच जाईल.

पण त्याचं ऐकायचं की नाही, हे मी ठरवतो. त्यानंतर कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, घर भाड्यानं बघताना, कितीदा तरी कुणीतरी माझ्याकडं आशेनं बघितलं आहे, की हा समजूतदार माणूस आता आपण होऊन काहीतरी म्हणेल. मी गप्प बसतो. ज्याला मी शेजारी नको आहे, त्यानं ते स्वतःच्या तोंडानं सांगावं. कारणासकट सांगावं. जातीचं नाव घ्यायला त्याची जीभ जड होत असेल तर होऊ दे. त्यापायी त्याची कंबर मोडत असेल तर मोडू दे.

मला वाईट वाटेल. मी उतरणार नाही.