पिंगळ्याची ढोली

नेकनूरजवळच्या एका शेतात, आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायची. शेत माझं नव्हतं, आंबा माझा नव्हता आणि पिंगळे तर कुणाच्याच बापाचे नव्हते. तरी मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी असली की मी तिथे जायचे. बांधावर थांबायचं, हाक मारायची, घरातून ओ आली की आत पाऊल टाकायचं. ओ आली नाही तर मुकाट्याने परतीची बस धरायची. शेतातल्या घराचं दार बांधापासूनच सुरू होतं.

दिवाळीनंतर घरातले नवराबायको ऊसतोडीला जात आणि घराला कुलूप लागे. अशाच एका हिवाळ्यात शहरातले दोन पक्षीप्रेमी आले. रस्त्यावरून दिसेल तेवढंच बघायचं, या बोलीवर मी त्यांच्याबरोबर गेले. एकाने हौसेने हाक मारून पाहिली. ओ आली नाही.

"कुणीच नाहीये, चला," म्हणत दोघं बांध ओलांडून गेले.

"कुणी नाही म्हणूनच जायचं नसतं," मी म्हणाले. त्यांना ती गंमत वाटली. मी रस्त्यावरच धुमसत उभी राहिले.

संध्याकाळी घरच्या बाईला फोन करून घडलं ते सांगितलं. ती उसाच्या फडात होती. "फोटूच काढले न्हवं? जाऊ द्या, बाई," ती म्हणाली.

पण फोटोबरोबर शेताचा रस्ताही मोबाइलवरून चारचौघांत पोचला. नवराबायको परतले तेव्हा भल्या पहाटे बांधाशी गाड्या थांबू लागल्या होत्या. आंब्याच्या पलीकडेच त्यांची न्हाणी होती. चार बांबूंना जुन्या साड्यांचा आडोसा, वर आभाळ. आलेले लोक पक्षीच बघत असतील, याबद्दल मला शंका नाही. पण हातभर लांब कॅमेरा घेतलेला परका माणूस नेमकं काय बघतोय, हे आडोशामागच्या बाईला कसं कळावं?

मी गेले तेव्हा ती चुलीपाशी बसली होती.

"हे ढोली बुजवायची म्हणायलेत. पाखरू न्हाई तर माणूस न्हाई," ती म्हणाली. "पर आत पिलं हायत. मीच म्हणलं, उडू द्या आदी."

"तोवर तुमचं काय?"

"अंदारात उठून न्हाते."

ढोली राहू द्या, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगणारी मी कोण?

उन्हाळ्यात पिलं उडाली आणि नवऱ्याने दगडमाती घालून ढोली बुजवली. पिंगळे कुठे गेले ते मला कळलं नाही. पुढच्या वेळी बांधावरून हाक मारली तर तिने लगेच ओ दिली आणि चहा ठेवला. मला त्या झाडाकडे बघवत नव्हतं.

"आता उजेडात न्हाते, बाई," ती म्हणाली. "लई बरं वाटतं."