करडी खिडकी

पंचवटीतले बाळाजी गुरुजी सकाळी यजमानांच्या पितरांना वाटेला लावायचे आणि दुपारी संगणकापुढे बसून स्वतःची वाट चुकायचे. पुस्तकं वाचत, चुकत, २००१ साली त्यांनी घरातच एक डेटाबेस रचला. यात्रेकरूचं गाव टाकलं की घराणं, मागे कोण येऊन गेलं, सगळं पडद्यावर. दारातल्या टेबलाशी बसून ते फॉर्ममध्ये टाकायचं काम त्यांच्या पत्नीचं, कुसुमवहिनींचं. त्याआधी हे सगळं त्यांना तोंडपाठच होतं.

मग वहिनींचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत मीठ दोनदा, मग शेजारणीचं नाव. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, पण हातचं काम काढून घेऊ नका. गुरुजींनी तेवढंच धरून ठेवलं.

पंचाईत खिडकीची होती. वहिनींच्या फॉर्ममागे प्रोग्रामची भलीमोठी करडी खिडकी, तिच्यावर मेनू आणि चिन्हांची जत्रा. वहिनी गोंधळून भलतंच दाबत आणि सगळं बंद होई. गुरुजींनी ती खिडकीच लपवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी खिडकी गेली ती फॉर्मलाही घेऊन गेली. फॉर्म तिच्यापासून सुटा करायचा राहिला होता. पडद्यावर काही नाही, आत प्रोग्राम चालूच.

"तुमचं ब्रह्मच झालं की हो," वहिनी म्हणाल्या. "आहे, पण दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी जमलं. निळ्या पडद्यावर नुसता फॉर्म. वहिनी निवांत झाल्या.

पण पुढे फॉर्मवरच्या चौकटीही त्यांना जड झाल्या. गुरुजी एकेक काढत गेले. शेवटी एक बटण उरलं. दाबलं की 'नोंद झाली' असं यायचं. नोंद कुठेच होत नसे. घाटावरचे विधी पुतण्यावर सोपवून गुरुजी आतल्या खोलीत भिंतीला कान लावून बसत आणि वहिनींनी विचारलेलं, यात्रेकरूंनी सांगितलेलं कागदावर उतरवून घेत.

एकदा येवल्याचं एक कुटुंब आईच्या कार्यासाठी आलं. वहिनींनी गाव विचारलं, नाव विचारलं, बटण दाबलं. माणसं घाटाकडे गेल्यावर गुरुजी बाहेर आले.

"झाली ना नोंद?"

"मी मोठ्यानं बोलते ना?" वहिनींनी विचारलं. "आत तुम्हाला नीट ऐकू यायला हवं."

गुरुजी टेबलाशी टेकले. मग म्हणाले, "येतं. नीट येतं."

"मग हे बटण तेवढं काढू नका."

एवढं बोलून वहिनी दाराकडे वळल्या आणि मोठ्यानं गाव विचारू लागल्या. दारात कुणी नव्हतं. गुरुजी आत जाऊन पेन्सिल घेऊन बसले.