डॉक्टरांच्या गाडीचं बटण

श्रद्धा आणि विज्ञान यांचा सनातन झगडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. तो शहाद्याला, डॉक्टरांच्या ओसरीवर, वीतभर रुंदीच्या एका लोखंडी डब्यात झाला. मिटवायला मला एक स्क्रू ड्रायव्हर, वाटीभर पेट्रोल आणि काचकागदाचा तुकडा पुरला.

डॉक्टर माझे शेजारी; मी शाळेत विज्ञान शिकवत असे. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची जुनी जर्मन मोटारसायकल त्यांनी घेतली होती. तिला लाथ मारावी लागत नसे. बटण दाबलं की सुरू. बैलगाडीतून पडल्यापासून डॉक्टरांचा उजवा गुडघा वाकत नव्हता, म्हणून या बटणासाठीच त्यांनी ती घेतलेली. दर मंगळवारी ते तळोद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत औषधं घेऊन जात. तिकडे दुसरा डॉक्टर नव्हता.

मग बटण आळसावलं. दाबलं की आत कुणीतरी कण्हत कूस बदलावी तसा आवाज येई आणि पुन्हा सगळं शांत. गाडी ढकलून सुरू करावी लागे, आणि पायथ्याच्या गावांत ढकलायला असत ते रोगीच. सकाळी ज्यांना "आठ दिवस उठायचं नाही" म्हणून बजावलं, तेच दुपारी गाडीमागे धावत. एकदा हिवतापाचा एक जण धावता धावता कोसळला. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी गाडी विकायचं ठरवलं. जवळच्या प्रकाशा गावच्या एका बड्या पाटलांना ती मुलाच्या वरातीसाठी हवीच होती. पुढे बँड, वर नवरदेव, मागे ढकलायला चार गडी. त्या कामासाठी ती सुरू होण्याची गरजच नव्हती. रविवारी सकाळी पाटील न्यायला येणार होते. म्हणजे मंगळवारच्या फेऱ्या संपल्या.

शनिवारी मी डॉक्टरांकडे एक दिवस मागितला.

"बॅटरी कापसाच्या जिनिंग कारखान्यातून दोनदा भरून आणली, मास्तर. स्टार्टरच थकलाय. नवा मागवायचा तर ज्या देशातून यायचा, त्याच्याशी सरकारची लढाई चालू आहे."

मी आधी अर्धा तास विद्युत्चुंबकत्वावर बोललो. डॉक्टरांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. मग मी स्क्रू सोडवले.

स्टार्टरच्या पोटात तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल फिरतो आणि कोळशाचे काही ठोकळे स्प्रिंगच्या जोराने त्याला टेकलेले असतात. ते नीट टेकले तरच वीज आत जाते. इथे झाकणाची जाळी काढली, तर आत तांबं दिसेचना. लाल-पिवळा चिकट राप बसला होता. एक ठोकळा खाचेत अडकून वरच राहिला होता. टाचणीने खाच कोरली, तर तीन तांदूळ बाहेर आले.

तेवढ्यात डॉक्टरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या.

"वहिनी, दसऱ्याला गाडीची पूजा करता?"

"हा, दरसाल करस ना भाऊ. हळद, कुंकू, अक्षता, नारळनं पाणी."

"कुठे वाहता?"

त्यांनी जाळीकडे बोट दाखवलं. "हाईच तिन्हं तोंड शे ना!"

डॉक्टर चहाच्या पेल्यात बघत राहिले. "पाच दसरे," ते हळूच म्हणाले.

"मंग? पाच वरीस चालनी ना ती?" वहिनी म्हणाल्या. मी वाटीत फडकं बुडवलं.

राप पेट्रोलच्या फडक्याने सोडवला. तांबं काचकागदाने उजळलं, पट्ट्यांमधल्या फटी करवतीच्या तुटक्या पात्याने कोरल्या. ठोकळे खाचेत सुळसुळीत सरकू लागले, तेव्हा सगळे भाग दुपारच्या उन्हात वाळवून परत बसवले. बटण मात्र दाबलं नाही. धीर झाला नाही, हे खरं कारण. डॉक्टरांना मी पेट्रोलचा वास पुरता उडू द्यावा, असं सांगितलं.

रविवारी पाटील फेटा बांधून आले. बरोबर चार गडी, झेंडूचा हार आणि नारळ.

"काढा डॉक्टर गाडी, मुहूर्त शे."

"एकदा बघू द्या," म्हणत डॉक्टर गाडीवर बसले आणि त्यांनी बटण दाबलं.

कण्हणं नाही, काही नाही. गाडी एका झटक्यात खणखणीत सुरू झाली. गडी दचकून मागे सरले. डॉक्टरांनी ती बंद केली, पुन्हा सुरू केली. असं चार वेळा. पाचव्यांदा त्यांनी मला दाबायला दिलं. आयुष्यात मला बक्षिसं दोन-तीनच मिळाली, पण त्या बटणाची सर एकालाही नाही.

"पाटील, माफ करा. मला मंगळवारी तळोद्याकडे जायचंय."

"आनी वरात?" पाटील हार धरून उभेच.

"घोडा घ्या," डॉक्टर म्हणाले. "त्यालाही ढकलावं लागत नाही."

पाटील हसले, माणूस दिलदार होता. नारळ त्यांनी वहिनींच्या हातात दिला. त्या सरळ जाळीकडे निघाल्या, म्हणून मी आडवा उभा राहिलो. नारळ पायरीवर फुटला आणि दुपारी त्याची चटणी झाली.

मंगळवारी डॉक्टर गेले आणि कुणाही रोग्याला न पळवता परत आले. पुढच्या दसऱ्याआधी मी खबरदारी म्हणून जाळीवर मेणकापड घट्ट बांधून दिलं.

त्या वर्षी मेणकापडाची पूजा झाली.