मासवडी आत, आम्ही बाहेर

थेरगाव ते चाकण हे अंतर आमच्या ह्यांनी बावीस वर्षं कंपनीच्या बसमध्ये झोपून कापलं. त्यामुळे वाटेत काय काय लागतं, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. "डांगे चौक गेला की डोळे मिटायचे, उघडले की कंपनी," एवढीच त्यांची माहिती. म्हणून त्या गुरुवारी सकाळी मी एकटी गाडी घेऊन निघाले तेव्हा माझी स्वतःची यादी सोबत होती. तिच्यात एकवीस कलमं होती आणि त्यातल्या वीस कलमांवर घर सोडण्याआधीच बरोबरची खूण झाली होती. राहिलेलं एक म्हणजे 'पोचणे'.

त्या दिवशी ह्यांची निवृत्ती होती. ह्यांची कंपनी मोटारींच्या दारांची लॉक बनवते. तयार झालेलं प्रत्येक लॉक पेटीत जाण्याआधी ह्यांच्या टेबलावर येतं. ते मिटून, उघडून, ओढून बघायचं आणि शिक्का मारायचा, हे ह्यांचं काम. फायनल इन्स्पेक्शन म्हणतात त्याला. निवृत्त होणाऱ्याने शेवटच्या दिवशी आपल्या लाइनवरच्या सगळ्यांना घरचं जेवण घालायचं, असा तिथला रिवाज आहे. ह्यांच्या डब्यातली मासवडी (बेसनाच्या उकडीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरून केलेली वडी, आकार माशाचा, मासा औषधालाही नाही) वर्षानुवर्षं एकेक तुकडा वाटून खाल्लेली बावीस माणसं आठ दिवसांपासून वाट बघत होती. "उद्या कोणी डबा आणायचा नाही, कँटीनला नाव द्यायचं नाही," असं ह्यांनी आदल्या दिवशी जाहीर करून टाकलं होतं. जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक. एकला भोंगा होतो आणि लाइन सुरू होते. ती कोणासाठी थांबत नाही. म्हणजे साडेबाराला मासवडी ताटात नसेल, तर बावीस माणसं उपाशी आणि ह्यांच्या निरोपाचा कायमचा विनोद.

आता गाडीविषयी. गाडी दोन महिन्यांची आहे, तिच्या दारांची लॉक ह्यांच्याच कंपनीची आहेत आणि तिला किल्ली नाही. फोन जवळ असला की ती उघडते, फोन घेऊन आपण लांब गेलो की आपोआप बंद होते. फोन बिघडलाच तर म्हणून एक कार्ड मिळतं. ते मी फोनच्या कव्हरमध्ये मागच्या बाजूला सरकवून ठेवलं होतं. दोन्ही चाव्या एका जागी असल्या की शोधाशोध नको. ह्यांच्या फोनवर चावी टाकायचा प्रश्नच नव्हता. कंपनीत कॅमेऱ्याचा फोन चालत नाही म्हणून हे अजून बटणांचा फोन वापरतात.

साडेनऊला थेरगाव सोडलं. डांगे चौकात भाजीच्या हातगाड्यांनी पंधरा मिनिटं खाल्ली. चिंचवडमधून स्पाइन रोडला लागले तेव्हा वाटलं, जिंकलं. हा रस्ता रुंद, सरळ आणि शहाण्यासारखा आहे. मोशीला नाशिकचा हायवे आला आणि शहाणपण संपलं. इंद्रायणीच्या पुलावर मी पहिल्या गिअरमध्ये गेले असते, पण ह्या गाडीला गिअरही नाहीत. नदीत दोन बगळे उभे होते. माझ्यापेक्षा ते जास्त पुढे सरकले.

चिंबळी फाट्याजवळ सगळंच थांबलं. शेजारी एक कंटेनर होता, त्यावर नवीन गाड्यांचे सुटे भाग लादलेले. ड्रायव्हरने वरून वाकून विचारलं, "मॅडम, क्या बनाया है? इधर तक खुशबू आ रही है."

"मासवडी."

"मछली?"

"नहीं, बेसन."

त्याने नाक वर करून पुन्हा एकदा वास घेतला. मग म्हणाला, "खुशबू तो मछली से अच्छी है." बंद इंजिनांच्या त्या रांगेत ही मला मिळालेली पहिली दाद. एक वडी कागदात गुंडाळून त्याला वर दिली. रांग हलली तेव्हा त्याने मोठा हॉर्न वाजवून मला पुढे घातलं. कुरुळी फाट्यावर डावीकडे वळले आणि सव्वाअकराला कंपनीच्या गेटसमोर उभी राहिले. एकविसाव्या कलमावर खूण केली. इथेच चुकलं.

गेटबाहेर पार्किंग आहे आणि त्याला लागून पत्र्याची शेड. बाहेरचं जेवण कंपनीत नेता येत नाही, म्हणून पंगत त्या शेडमध्ये बसायची होती. वेळ हातात होता. तोवर मला आत नेऊन आपलं टेबल दाखवायचं असं ह्यांनी कबूल केलं होतं. गेटवर बबनराव नावाचे वॉचमन होते. मूळचे तिथल्याच गावातले.

"ताई, मोबाइल आत चालत न्हाई. गाडीत ठिवा नायतर हितं जमा करा."

फोन परक्याच्या हाती द्यायचा नाही, हा माझा नियम आहे. मौल्यवान वस्तू काचेतून दिसेल अशी ठेवायची नाही, हा दुसरा. मी सोबत नेहमी एक रिकामा स्टीलचा डबा ठेवते. फोन त्यात घातला, झाकण लावलं, आणि परत आल्यावर चटकन हाताला लागावा म्हणून डबा मागच्या सीटवर भाकरीच्या गाठोड्यावर ठेवला. दार लावलं. दहा पावलं गेले असेन, मागे टुक असा आवाज झाला. वळून बघितलं तर गाडीने दोन्ही आरसे कान पाडल्यासारखे मिटून घेतले होते.

"किती हुशार गाडी हाय," बबनराव म्हणाले.

"आहेच," मी म्हणाले. "काही सांगावं लागत नाही तिला."

"बरं, आधार कार्ड दावा."

आधार कार्ड पर्समध्ये. पर्स गाडीत. मी गाडीपाशी गेले, हँडल ओढलं. मग दुसऱ्या दाराचं ओढलं. मग तिसऱ्याचं. चौथ्या दाराला मी "अगं" असं म्हणाल्याचं बबनराव सांगतात. मला आठवत नाही.

बबनरावांच्या फोनवरून मी ह्यांना बोलावलं. हे निळ्या गणवेशात धावत आले, काचेला नाक लावलं आणि डबा बघितला.

"स्टीलच्या डब्यात ठेवलास? अगं, स्टीलमधून गाडीला फोनचा पत्ता लागत नाही. तिला वाटलं तू फोन घेऊन गेलीस."

"आणि कार्ड?"

"कार्ड कुठंय?"

मी डब्याकडे बोट दाखवलं.

गाडीच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर बबनरावांच्याच फोनवरून बोलले. तिकडची मुलगी फार गोड होती. "मॅडम, सुरक्षा के लिए आपके रजिस्टर्ड मोबाइल पर ओटीपी भेजा है. बताइए." ओटीपी कुठे गेला असेल ते मला काचेतून स्पष्ट दिसत होतं. दुसरा उपाय म्हणून ती माणूस पाठवणार होती, तीन तासांत.

साडेबाराचा भोंगा झाला. बावीस माणसं हात धुऊन, बाह्या सरसावून बाहेर आली. शेडमध्ये सतरंजी मी आधीच मागवली होती, ती बबनरावांनी अंथरलेली होती. माणसं सतरंजीवर बसली नाहीत, गाडीभोवती उभी राहिली. आत रश्शाचं पातेलं, मासवडीचे तीन डबे, भाकरीची गाठोडी. काचेवर आतून वाफ.

मला धीर आला. आजूबाजूला बावीस माणसं, सगळी लॉक बनवणारी! ह्यांचे जुने मित्र भालेराव पुढे होते. मी म्हणाले, "भाऊजी, आता तुम्हीच उघडा."

भालेरावांनी मान खाली घातली. "वहिनी, मी फक्त स्प्रिंग बसवतो. अठरा वर्षं झाली. बाकीचं लॉक मी पूर्ण असं पाहिलेलं नाही."

उदगीरचे सूर्यवंशी म्हणाले, "मी हँडलचा माणूस हाव. आतलं मला काय बी कळत नसतंय."

एकजण फक्त रिव्हेट ठोकत होता, एकजण ग्रीस लावत होता, एकजण पेटीवर पट्टी चिकटवत होता. बावीस माणसांनी मिळून हे लॉक बनवलं होतं आणि उघडायचं कसं, ते त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. सूर्यवंशींनी तरी एक पातळ पट्टी आणून काचेच्या फटीत घातली.

"नाही जायची," हे म्हणाले. आवाज मला ओळखीचा वाटला. मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा हे असेच बोलत होते. "ती वाट मीच बंद करायला लावली होती. नमुना तीनदा परत पाठवला होता. ओढा, ओढा, आणखी जोर लावा."

सूर्यवंशींनी ओढलं. पट्टी वाकली.

"बघा!" हे बाकीच्यांना म्हणाले. "आपला माल आहे!"

"राव, पोटात कावळे ओरडतायत," भालेराव म्हणाले. "एक दगड द्या इकडं, काच फोडू."

हे हात पसरून दाराला पाठ लावून उभे राहिले.

"अहो," मी म्हणाले, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

हे दाराला आणखी चिकटले. "लॉकच्या," म्हणाले.

बारा चाळीस झाले. एवढ्यात बबनराव काठी टेकत आले. "ह्ये बघा, तुमची गाडी उभी हाय तिथं आमची बराखी व्हती (कांदा साठवायची कुडाची खोली). ट्रॉलीत कांदा भरला, आन वरचं पोतं खाली घ्यायचं झालं, तर आमी वर चढत नव्हतो. ट्रॉली हालवायचो. डबा वर हाय ना? मग पाडा की त्यो!"

लाइनवरच्या माणसांना एकदा काम कळलं की समजवावं लागत नाही. अकरा इकडे, अकरा तिकडे. भालेराव मोजायला लागले: "एक... दोन..." गाडी झुलू लागली. पहिल्याच हिसक्याला अलार्म सुरू झाला. "अलार्मसुद्धा चोख आहे," हे त्या गोंगाटात ओरडले. पातेल्यातला रस्सा झाकणाखालून डोकावला. मी काचेतून त्याला "थांब, थांब" म्हणत होते.

अलार्म ऐकून मोठे साहेब गेटवर आले. हातात ह्यांच्यासाठीची शाल. "काय चाललंय?"

हे ताठ उभे राहिले. "फायनल इन्स्पेक्शन, सर."

साहेबांनी गाडी बघितली, आतली भांडी बघितली, शाल बबनरावांच्या खांद्यावर टाकली आणि तेविसावे म्हणून मागून धरलं.

बारा चव्वेचाळीसला डबा कलंडला. गाठोड्यावरून सीटवर, सीटवरून खाली. झाकण एका दिशेला, फोन एका दिशेला. क्षणभर काही नाही. मग गाडीने दोन्ही आरसे हळूच उघडले, झोपेतून उठल्यासारखे. मी हँडल ओढलं. दार उघडलं.

ह्यांनी पुढे होऊन लॉक तपासलं. "फोडलं नाही," ते सगळ्यांना म्हणाले. "त्याला किल्ली सापडली, मग त्याने उघडलं. कायद्याने."

जेवायला सोळा मिनिटं होती. कोणी बसलं नाही. भाकरीवर मासवडी, वर रस्सा, उभ्याउभ्याच. सूर्यवंशी खाताना फक्त हात पुढे करत होते. साहेबांनी चौथी वडी मागितली तेव्हा मी त्यांना यादीत कुठेच धरलं नव्हतं हे लक्षात आलं, पण पुरलं. एकच्या भोंग्याला माणसं उरलेली भाकरी गुंडाळून धावली. हेही धावले. निवृत्तीला अडीच तास राहिलेला माणूस शाळेच्या पोरासारखा धावताना मी पहिल्यांदा बघितला. त्यानंतर फोन बबनरावांकडे जमा केला आणि आत जाऊन ते टेबल बघितलं. साधं लोखंडी टेबल, एक स्टूल, आणि हाताच्या घासण्याने गुळगुळीत झालेली एक कड.

साडेतीनला पाळी सुटली, सत्कार आटोपला आणि साडेपाचला परत निघालो. शाल, नारळ आणि हे माझ्या शेजारी. कुरुळी फाट्यावर पुन्हा रांग. बावीस वर्षांत पहिल्यांदा हे ह्या रस्त्यावर जागे होते आणि "इथे पेट्रोल पंप आहे होय," "ही शाळा कधी झाली," असं म्हणत होते. एकतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाची माझी यादी पुरी झाली असं मी धरून चालले होते. मग ते एकदम म्हणाले, "बारा पंचेचाळीसपर्यंत थांबायचं ठरवलं होतं मी."

"म्हणजे?"

"नंतर उघडलं असतं."

"कशाने?"

"येतं मला. दोन मिनिटं लागतात. हत्यारसुद्धा नको." ते काचेतून बाहेर बघत होते. "पण सगळी माणसं बघत होती गं. शेवटच्या दिवशी त्यांना कसं दाखवू, की आपलं लॉक असंही उघडतं?"

बावीस माणसं उपाशी उभी होती, मी रडकुंडीला आले होते, साहेब गाडी ढकलत होते. हे सगळं मी बोलणार होते. पण त्या टेबलाची गुळगुळीत कड आठवली आणि मी हॉर्न वाजवला, उगीचच.

घरी आल्यापासून रोज विचारते, कसं उघडतं ते सांगा. चहा देताना विचारलं, कपडे वाळत घालताना विचारलं, काल गोड शिरा करून विचारलं. उत्तर एकच: "पुन्हा फोन आत राहिला तर मला हाक मार. फक्त आजूबाजूला कंपनीतलं कोणी नको."