भावोजींची खाण

माझ्या भावोजींना डोंगरात सोनं सापडलं होतं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता नुसतं कानावर पडलं तरी डोकं उठतं.

ताईचं लग्न झालं तेव्हा भावोजी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. माणूस सरळ, अक्षर सुंदर, अक्कल बेताची. एकदा मोजणीसाठी डोंगरावर गेले, तिथे काळ्या खडकातून वर चढलेली गारगोटीची पांढरी शीर त्यांना दिसली आणि स्वारी कामातून गेली. अशा शिरांमध्ये सोनं-चांदी असू शकते, एवढं कुठेतरी वाचलेलं होतं. तेवढ्यावर त्यांनी नोकरी सोडली, डोंगराचा एक तुकडा भाडेपट्ट्याने घेतला आणि पायथ्याशी पत्र्याची शेड ठोकली. गल्लीने त्यांचं नाव 'गारगोटीवाले' ठेवलं. त्यांना ती पदवी वाटली.

घर ताईने चालवलं. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत पलंगाखालपासून खिडकीपर्यंत दगडच दगड. भावोजी दगड फोडायचे, ओला करून बघायला चक्क जिभेने चाटायचे, भिंग लावायचे आणि म्हणायचे, "दिसतंय हं यात!" पहिल्या वर्षी जे दिसलं ते लोखंड आणि गंधकाचं पिवळं चकाकतं खनिज होतं, बाजारात कवडीमोल. काळा डाग दिसला की ती चांदी. मी धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून हे त्यांच्या तोंडावर सांगितलं. तेव्हापासून ते मला 'साहेब' म्हणू लागले.

दुसऱ्या वर्षी मात्र त्यांच्या नमुन्यांत खरोखर सोनं निघू लागलं. टनाला दोन ग्रॅम, कधी तीन. भट्टी मी लावत होतो, उरलेला कण काट्यावर मीच ठेवत होतो, मग खोटं तरी कसं म्हणणार? मजा म्हणजे शिरेच्या वरच्या टोकाला, खालच्या टोकाला, मधोमध, सगळीकडे जवळपास तेवढंच. इतकं समजूतदार सोनं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण या माणसाचं बरोबर निघालं, याचाच मला एवढा राग आला होता की पुढचा विचार मी केलाच नाही.

अख्खा दगड दिला तर आमच्याकडे दळणावळीचे पैसे वेगळे पडतात. म्हणून दुसऱ्या वर्षापासून भावोजी शेडमध्ये स्वतःच लोखंडी खलात दगड कुटायचे. मग ताडपत्रीवर पूड पसरायची, हाताने कालवायची, ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा कालवायची. "चमच्याने बारीक पूड मागे राहते, साहेब. हातच पाहिजे," असं ते मलाच शिकवायचे. मी त्या शेडमध्ये एकदाही पाऊल टाकलं नाही. तिथली ऐट बघायची माझी इच्छा नव्हती.

चौथ्या वर्षी त्यांना बोगदा खणायचा होता. त्यासाठी घर विकायचं ठरलं. घर आमच्या वडिलांनी ताईच्या नावावर केलेलं. गिऱ्हाईक मिळालं, कागद तयार झाले, सोमवारी सही. मी ताईला हात जोडून विनवलं. ती म्हणाली, "बघू." ताईचं 'बघू' म्हणजे होकार, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आणि शुक्रवारी त्यांचे शेवटचे बारा नमुने कोरे निघाले. बाराही. सोन्याचा मागमूस नाही.

भावोजी तणतणत प्रयोगशाळेत आले. "मुद्दाम करतोयस तू! घर विकू नये म्हणून!" टेबलावर त्यांनी हात आपटला आणि कळवळले. बोट सुजून काळंनिळं झालं होतं.

"काय झालं बोटाला?"

"हातोडा बसला. झाले पंधरा दिवस. विषय बदलू नकोस."

त्या सुजलेल्या बोटाच्या बुडाशी एक पांढरा पट्टा होता. मी त्या पट्ट्याकडे बघितलं आणि मग दाराकडे. दारावर पाटी आहे: अंगठी, साखळी, घड्याळ काढून आत या. पाटीखाली स्टीलची वाटी. बारा वर्षं रोज सकाळी मी माझी लग्नातली अंगठी त्या वाटीत टाकतो.

"अंगठी कुठाय, भावोजी?"

"साबण लावून काढली. तुझ्या ताईकडे आहे. का?"

मी छोटा काटा उचलला आणि त्यांना घेऊन सरळ ताईकडे गेलो. त्या दोघांच्या अंगठ्या एकाच सोनाराने एकाच वजनाच्या घडवल्या होत्या, चार-चार ग्रॅम. ताईने बटणांच्या डब्यातून एक काढली, दुसरी बोटातून. कापड बेतायच्या टेबलावर मी दोन्ही तोलल्या. तिची चारला किंचित कमी. त्यांची तीनच्या जरा वर, आणि तळहाताकडच्या बाजूला पत्र्यासारखी पातळ.

"डोंगरात नुसती गारगोटी आहे, भावोजी," मी म्हणालो. "सोनं तुमच्या बोटात होतं. तीन वर्षं तुम्ही स्वतःची अंगठी दळून मला पाठवत होतात."

हे म्हणताना मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

भावोजी स्टुलावर बसले.

"अहो, काम करताना काढून ठेवायची ना," ताई म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस, कधीच काढू नका."

"मी? कधी?"

"लग्नाच्या दिवशी."

ताईला आठवत नव्हतं. तिने ती पातळ अंगठी उचलून उजेडात धरली, बराच वेळ. मग खणातून घर विकायचे कागद काढले, पालथे घातले, आणि कोऱ्या बाजूवर खडूने बाहीचा आकार काढायला घेतला. काढता काढता नाकाने सूं सूं करत होती. "बोटाला हळद लावते थांबा," म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

मी काटा गुंडाळून निघालो. चौकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, माझी अंगठी वाटीतच राहिली आहे. आठवड्यातून तीन-चारदा तरी राहते. घरी अजून कोणी विचारलेलं नाही.